सीआरपीच्या आकड्यामागचे डॉ. एव्हरी

ताप तीन-चार दिवस हटला नाही की डॉक्टर रक्ताच्या तपासण्या लिहून देतात. त्यात हिमोग्राम असतो, मलेरिया-डेंगीच्या तपासण्या असतात आणि बऱ्याचदा 'सीआरपी' ही तीन अक्षरे असतात. कोविडच्या काळात तर हा शब्द घराघरांत पोहोचला. आज सीआरपी किती आला, कालच्यापेक्षा वाढला की उतरला, याची चौकशी नातेवाईक फोनवरून करत असत. सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. त्यातला 'सी' कुठून आला, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. तो न्यूमोनियाच्या जीवाणूच्या एका घटकावरून आला आहे. हे प्रथिन न्यूयॉर्कच्या ज्या प्रयोगशाळेत सापडले, तिचे प्रमुख होते डॉ. ऑस्वल्ड थिओडोर एव्हरी.

जीवशास्त्र शिकलेल्यांना एव्हरी हे नाव डीएनएमुळे माहीत असते. आनुवंशिक गुण डीएनएमधून जातात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले. तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते. त्याआधीची तीस वर्षे ते एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होते. समोर तापाने फणफणलेला रुग्ण आहे. त्याला नेमका कोणता जंतू झाला आहे आणि ते वेळेत कसे ओळखायचे? आज प्रतिजैविक द्यायचे की नाही, हे ठरवताना प्रत्येक डॉक्टरपुढे हाच प्रश्न उभा असतो.

एव्हरींचा जन्म २१ ऑक्टोबर १८७७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी झाला. वडील इंग्लंडहून आलेले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १८८७ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि वडिलांनी शहरातल्या गरीब वस्तीतल्या चर्चची जबाबदारी घेतली. ऑस्वल्ड आणि त्यांचा मोठा भाऊ अर्नेस्ट तिथेच कॉर्नेट हे पितळी वाद्य वाजवायला शिकले. १८९२ या एकाच वर्षी अर्नेस्ट आणि वडील दोघेही गेले. चौदा-पंधरा वर्षांचा ऑस्वल्ड घरातला थोरला झाला. धाकटा भाऊ रॉय तेव्हा अगदी लहान होता.

कोलगेट विद्यापीठात एव्हरींनी शिक्षण घेतले ते मुख्यतः साहित्य, तत्त्वज्ञान आणि वक्तृत्वाचे. तिथल्या बँडचे ते प्रमुख होते. पदवीनंतर ते एकदम वैद्यकाकडे वळले आणि १९०४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. काही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रुग्ण तपासले. रुग्णांशी त्यांचे चांगले जमे, पण फुप्फुसांच्या जुनाट विकारांचे आणि दम्याचे रुग्ण समोर बसले की त्यांना आपले हात बांधलेले वाटत. आजाराला नाव देता येई, उपाय करता येत नसे.

याच काळात त्यांच्या हाती रक्ताच्या एका तपासणीचे काम आले. लंडनचे सर आल्मरोथ राइट यांनी 'ऑप्सॉनिक इंडेक्स' नावाची पद्धत काढली होती. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना किती प्रमाणात गिळतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे आणि त्या आकड्यावरून लशीचा पुढचा डोस ठरवायचा. रक्तातला एक आकडा पाहून जंतुसंसर्गाचा उपचार ठरवण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न. कल्पना आकर्षक होती, पण मोजणी अतिशय किचकट आणि तितकीच बेभरवशाची. दोन माणसे मोजायला बसली की दोन वेगळे आकडे येत. काही वर्षांत ही पद्धत मागे पडली. आकडा मिळाला म्हणजे उत्तर मिळाले असे नाही, हा धडा एव्हरींना कामाच्या सुरुवातीलाच मिळाला.

१९०७ मध्ये ते ब्रुकलिनच्या होगलंड प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ते शिकवत. 'प्रोफेसर'चे लाडके रूप म्हणून 'फेस' हे नाव त्यांना चिकटले, ते आयुष्यभर. क्षयरोग्यांना होणाऱ्या दुसऱ्या जंतुसंसर्गांवरचे त्यांचे काम रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयाचे प्रमुख रूफस कोल यांच्या नजरेत भरले आणि १९१३ मध्ये एव्हरी त्या रुग्णालयात आले. पुढची पस्तीस वर्षे ते तिथेच राहिले. लग्न केले नाही. सहकारी डॉक्टर आल्फॉन्स डोशे यांच्यासोबत एका घरात राहायचे आणि तिथून प्रयोगशाळेत जायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. अंगाने बारीक, डोके मोठे, बोलणे मृदू.

त्या काळी न्यूमोनिया म्हणजे मृत्यूशी गाठ. धडधाकट तरुणाला एकाएकी थंडी वाजून ताप भरे, छातीत कळ येई, लालसर बेडका पडू लागे. मग घरचे लोक सातव्या ते नवव्या दिवसाची वाट पाहत. त्या सुमारास एक तर दरदरून घाम फुटून ताप उतरे, नाही तर माणूस दगावे. चारांपैकी साधारण एक रुग्ण वाचत नसे.

उपाय होता तो एकच, तोही अर्धामुर्धा. घोड्याला न्यूमोकोकस हे जीवाणू टोचायचे, त्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली की ते सीरम काढून रुग्णाच्या शिरेतून द्यायचे. अडचण अशी, की न्यूमोकोकस एका प्रकारचा नव्हता. पहिल्या प्रकारावरचे सीरम दुसऱ्या प्रकारावर चालत नसे. पहिल्या प्रकारावर ते चांगले लागू पडे. तिसऱ्या प्रकारावर जवळपास निरुपयोगी ठरे. शिवाय घोड्याच्या प्रथिनांमुळे रुग्णाला पुरळ, सांधेदुखी आणि पुन्हा ताप यांचा त्रास होई. म्हणजे चुकीच्या रुग्णाला सीरम दिले तर फायदा शून्य आणि त्रास पुरेपूर.

म्हणून रॉकफेलर रुग्णालयात आधी निदान आणि मग सीरम, अशी शिस्त होती. रुग्णाची थुंकी उंदराच्या पोटात टोचायची, जंतू वाढू द्यायचे, मग ते निरनिराळ्या सीरममध्ये मिसळून कशात त्यांच्या गुठळ्या होतात ते पाहायचे. यात तासांमागून तास जात आणि रुग्णाकडे तेवढा वेळ असेलच असे नाही. हा वेळ कमी करण्यासाठी एव्हरींनी १९१८ मध्ये उंदराशिवाय जंतूचा प्रकार ओळखण्याची जलद पद्धत प्रसिद्ध केली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, डोशे आणि एव्हरींनी आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. न्यूमोकोकस वाढताना एक विरघळणारा पदार्थ बाहेर सोडतो आणि तो न्यूमोनियाच्या रुग्णाच्या रक्तात व लघवीत सापडतो. शिवाय प्रत्येक प्रकाराचा पदार्थ वेगळा. म्हणजे फुप्फुसात दडलेल्या जंतूची खूण रक्तात आणि लघवीत शोधता येत होती. हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञ मायकेल हायडलबर्गर यांच्या मदतीने शुद्ध केल्यावर, १९२३ मध्ये, ती जंतूच्या बाहेरच्या आवरणातली शर्करा असल्याचे दिसले. रोगप्रतिकारशक्तीला फक्त प्रथिनेच ओळखता येतात, असा तेव्हाचा समज होता. तो इथे मोडला.

मधल्या काळात पहिल्या महायुद्धात एव्हरी अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. अमेरिकेचे नागरिक नसल्यामुळे डॉक्टर असूनही त्यांना साधा शिपाई म्हणून भरती व्हावे लागले. नागरिकत्व मिळाल्यावर ते कॅप्टन झाले.

१९३० साल उजाडले. एव्हरींच्या विभागात विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन तरुण डॉक्टर न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. न्यूमोकोकसच्या आवरणाच्या आत, सर्व प्रकारांत सारखाच असलेला एक शर्करायुक्त घटक त्या प्रयोगशाळेत वेगळा केला होता. त्याला नाव दिले होते 'सी'. हा 'सी' घटक रुग्णाच्या सीरममध्ये मिसळला की साका बसतो का, हे दोघे पाहत होते. आवरणातल्या शर्करेविरुद्धची प्रतिपिंडे रुग्ण बरा होऊ लागला की रक्तात दिसू लागत. 'सी'च्या बाबतीतही तसेच व्हायला हवे होते.

झाले नेमके उलटे. आजाराच्या अगदी पहिल्या दिवसांत, ताप चढलेला असताना, साका भरपूर बसे. ताप उतरला की एक-दोन दिवसांत तो कमी होई आणि रुग्ण बरा झाल्यावर दिसेनासा होई. निरोगी माणसाच्या रक्तात तो मुळी दिसतच नसे. दुसरे कोडे असे, की न्यूमोकोकसशी काही संबंध नसलेल्या इतर गंभीर जंतुसंसर्गांतही तो दिसू लागला. म्हणजे हे त्या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड नव्हते. शरीर संकटात असताना रक्तात येणारे आणि संकट टळताच निघून जाणारे हे वेगळेच काहीतरी होते.

या शोधनिबंधावर एव्हरींचे नाव नाही. जिथे प्रत्यक्ष हाताने काम केले नाही, तिथे विभागप्रमुख म्हणून नाव लावायचे नाही, हा त्यांचा रिवाज होता. टिलेट यांनी पुढे रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज शोधले आणि फ्रान्सिस यांनी १९५४ मध्ये पोलिओ लशीच्या प्रचंड चाचणीचे नेतृत्व केले.

एव्हरींनी मात्र तो धागा सोडला नव्हता. तिशीच्या दशकात थायरॉइडच्या आजाराने ते खचले, १९३४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. सावरल्यावर १९४१ मध्ये त्यांनी थिओडोर ॲबर्नेथी आणि कॉलिन मॅक्लाउड यांच्यासोबत दाखवले, की 'सी'शी जुळणारा रक्तातला हा पदार्थ एक प्रथिन आहे. तो त्यांनी वेगळा केला आणि सशाला टोचून त्याच्याविरुद्ध सीरमही बनवले. त्यामुळे रुग्णाच्या रक्तात ते प्रथिन शोधणे सोपे झाले. आजच्या सीआरपी तपासणीचे मूळ इथे आहे.

पण तोवर जग बदलले होते. १९३८ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी सल्फापिरिडिन या गोळीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोळी दिलेल्या १०० न्यूमोनिया रुग्णांपैकी ८ दगावले, न दिलेल्या १०० पैकी २७. काही वर्षांतच पेनिसिलिन आले. जंतू पहिल्या प्रकारचा की तिसऱ्या, याने आता काही फरक पडत नव्हता. घोडे, उंदीर, सीरमच्या बाटल्या सगळे अडगळीत गेले. एव्हरींनी तीस वर्षे घडवलेली निदानाची शिस्त गोळ्यांपुढे अनावश्यक वाटू लागली. आधी औषध द्यायचे, जंतूचे पुढे पाहू, अशी सवय वैद्यकाला लागली ती तेव्हापासून. लाखो जीव वाचले, हे खरेच. पण जीवाणूंनाही या औषधांची सवय होत गेली.

एव्हरी स्वतः त्या वेळी वेगळ्याच कामात होते. न्यूमोकोकसचा एक प्रकार दुसऱ्या प्रकाराचे गुण उचलतो, असे इंग्लंडच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये दाखवले होते. एव्हरींना ते आधी पटलेच नव्हते. प्रयोग आपल्याच प्रयोगशाळेत खरे ठरल्यावर मात्र, हे गुण नेणारा पदार्थ कोणता, याचा त्यांनी मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासोबत छडा लावला. प्रथिने नष्ट करणारे विकर घातले, तरी गुण जात राहिले. आवरणातली शर्करा काढून टाकली, तरीही. डीएनए नष्ट केल्यावर मात्र ते थांबले. फेब्रुवारी १९४४ मध्ये हे प्रसिद्ध करतानाही एव्हरींनी पुराव्यापलीकडचा एकही दावा केला नाही. त्यांना नोबेल मिळाले नाही; विज्ञानाच्या इतिहासातली ती एक मोठी चूक मानली जाते. १९४८ मध्ये ते नॅशव्हिलला धाकट्या भावाजवळ राहायला गेले. २० फेब्रुवारी १९५५ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सीआरपीची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. १९४७ मध्ये मॅकार्टींनी त्याचे स्फटिक मिळवले. पन्नाशीच्या दशकात संधिवाताच्या तापावर लक्ष ठेवायला ते वापरले जाऊ लागले. पुढे यंत्रावर अचूक मोजणी होऊ लागली आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढल्यावर जुना प्रश्न पुन्हा समोर आला: या रुग्णाला औषध खरोखर लागेल का?

सीआरपी यकृतात बनते. शरीरात कुठे गंभीर संसर्ग वा इजा झाली की रोगप्रतिकारक पेशी रासायनिक निरोप धाडतात आणि यकृत हे प्रथिन झपाट्याने तयार करू लागते. सहा-आठ तासांत रक्तातले प्रमाण वाढू लागते, सुमारे ४८ तासांत शिगेला पोहोचते. निर्मिती थांबली, की साधारण दर १९ तासांनी ते निम्मे होते. म्हणूनच योग्य उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत आकडा घसरताना दिसतो. टिलेट आणि फ्रान्सिस यांना ताप उतरल्यावर साका कमी होताना दिसला, तो याच कारणाने.

सर्वसाधारणपणे प्रकृती चांगली असताना सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असते. गंभीर जीवाणूसंसर्गात ते बऱ्याचदा १०० च्या वर जाते. खोकला-ताप आहे, पण न्यूमोनिया आहे की नाही याची खात्री नाही, अशा रुग्णांसाठी ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एक सरळ रीत सुचवली: २० च्या खाली असेल तर सहसा प्रतिजैविक नको, २० ते १०० मध्ये चिठ्ठी द्यावी, पण त्रास वाढला तरच औषध घ्यावे, १०० च्या वर असेल तर सुरू करावे. रिपोर्ट वाचताना एकक जरूर पाहावे. काही प्रयोगशाळा आकडा डेसिलिटरमध्ये देतात; तिथले ५ म्हणजे लिटरमधले ५० होतात.

पण सीआरपी जंतूचे नाव सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या दुखापतीत, आमवातात, काही विषाणूंच्या आजारातही ते वाढते. कोविडमध्ये ते वाढायचे ते विषाणूने पेटवलेल्या दाहामुळे. त्या आकड्यावरून जीवाणूसंसर्ग सिद्ध होत नव्हता. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांपैकी सुमारे ७५ टक्क्यांना प्रतिजैविके दिली गेली. जीवाणूसंसर्ग होता तो ८ टक्क्यांना. उलट बाजूही आहे. आजाराच्या पहिल्या काही तासांत आकडा कमी येऊ शकतो, म्हणून तो साधा दिसला तरी धाप लागलेल्या रुग्णाला घरी ठेवायचे नसते.

१९९३ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की प्रोकॅल्सिटोनिन नावाचे दुसरे प्रथिन जीवाणूंच्या गंभीर संसर्गात रक्तात खूप वाढते, तर विषाणूंच्या आजारात फारसे वाढत नाही. अतिदक्षता विभागात त्याचा मुख्य उपयोग औषध थांबवण्यासाठी होतो. सर्वोच्च पातळीपासून ते ८० टक्क्यांनी उतरले आणि रुग्णही सुधारत असला, तर प्रतिजैविक बंद करण्याचा विचार होतो. तरीही दोन्ही तपासण्या डॉक्टरांच्या तपासणीला पूरक आहेत, तिची जागा घेणाऱ्या नाहीत.

एव्हरींची बाकीची कामेही वाया गेली नाहीत. आज न्यूमोनियाच्या रुग्णाच्या लघवीत न्यूमोकोकस शोधणारी जी झटपट तपासणी सर्वत्र वापरली जाते, ती त्याच 'सी' घटकाचा शोध घेते. आवरणातली शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडली की प्रतिकारशक्ती तिला जास्त चांगला प्रतिसाद देते, हे एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी १९३१ मध्ये दाखवले होते. त्याच तत्त्वावरची न्यूमोकोकसविरोधी लस आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते आणि २०२१ पासून देशभरातल्या बाळांना ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते. जो न्यूमोनिया होतच नाही, त्याला प्रतिजैविक लागत नाही.

सीआरपीचा रिपोर्ट हातात आला की घरचे विचारतात, आकडा जास्त आहे, आता कोणती गोळी? त्याआधी विचारायचे प्रश्न आहेत ते असे: हा आकडा कशामुळे वाढला असावा, तो पुन्हा कधी पाहायचा, आणि उतरला तर औषध कधी थांबवायचे? चुकीच्या रुग्णाला सीरम द्यायचे नाही म्हणून एव्हरी उंदराच्या पिंजऱ्याशी तासन्‌तास ताटकळत. आता रिपोर्ट काही तासांत हाती येतो. एवढे तीन प्रश्न विचारायला तेवढा वेळही लागत नाही.